कोरीव, चमकदार बेडरूम सेट साधा करायचाय? रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९३ साली लग्नात माहेरून आलेला बेडरूमचा सेट आहे: उशाकडे भरपूर नक्षी आणि वर मुकुट असलेला डबल बेड, कमानीच्या आरशाचं ड्रेसिंग टेबल, तीन दारांचं कपाट आणि दोन साइड टेबलं. रंग काळपट कॉफी, त्यावर काचेसारखी चमक, नक्षीदार सोनेरी मुठी. आता घर बदललंय, खोली १० बाय ११ फुटांची आहे आणि हा सेट अंगावर येतो. टाकून देववत नाही, नवीन घ्यायचं नाही. तर शनिवार-रविवारी घरच्या घरी सगळ्याला पांढरा रंग मारावा का?

रंग मारा, पण सगळ्याला नको आणि सुरुवातीलाच तर मुळीच नको. जुनं फर्निचर दुरुस्त करण्यात आणि पॉलिश करण्यात माझी बरीच वर्षं गेली. अशा सेटमध्ये डोळ्यांना काय खुपतं, ते मी आता क्रमाने सांगू शकतो. आधी चमक, मग मुठी, मग डोक्यावरचा मुकुट, मग गडद रंग. नक्षीचा नंबर या सगळ्यांच्या नंतर लागतो. पहिल्या तीन गोष्टींवर काम झालं की पुष्कळ घरांत रंगाचा विषयच मागे पडतो. शिवाय या तिन्ही गोष्टी परत पूर्ववत करता येतात. सागवानाच्या नक्षीत एकदा रंग शिरला की तो काढणं म्हणजे दातकोरण्याने खोली झाडण्यासारखं काम आहे.

आधी लाकूड ओळखा. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून उलटा करा, कपाटाची मागची बाजू बघा, बेडच्या बाजूपट्टीची आतली कड बघा. तिथे पॉलिश नसतं. सागवान असेल तर सोनेरी-तपकिरी रंग दिसेल, हाताला किंचित तेलकट लागेल आणि नखाने किंवा पटाशीच्या टोकाने खरवडलं की चामड्यासारखा वास येईल. कडेला थर दिसले तर प्लायवूड. त्या काळच्या बहुतेक सेटमध्ये चौकटी आणि पाय सागवानाचे, मोठे सपाट भाग सागाचं व्हिनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, लावलेल्या प्लायचे आणि आतल्या पट्ट्या कुठल्या तरी स्वस्त लाकडाच्या असतात. वरचं काळपट स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग, बऱ्याचदा याचसाठी मारलेलं असतं. वेगवेगळ्या लाकडांचे रंग एकसारखे दिसावेत म्हणून. त्यामुळे सगळं पॉलिश काढून नैसर्गिक लाकूड दाखवायचा विचार असेल तर मनाची तयारी ठेवा, खालून दोन-तीन रंगांची लाकडं निघतील.

व्हिनियर ओळखणं फार महत्त्वाचं आहे. सजावटीच्या व्हिनियरची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. त्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर लावून मशिन फिरवलं तर काही मिनिटांत खालचा प्लाय उघडा पडतो आणि मग रंगाशिवाय इलाज राहत नाही. नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत, म्हणून व्हिनियरवर १८० च्या खाली जाऊच नका आणि मशिन टाळा, हातानेच घासा.

नक्षीही तपासा. मागून बघितलं की कळतं. काही ठिकाणी ती खरोखर फळीतच कोरलेली असते, काही ठिकाणी तयार तुकडे खिळे आणि फेविकॉलने चिकटवलेले असतात. चिकटवलेला तुकडा आणि फळी यांच्यामध्ये बारीक रेघ दिसते, पातळ सुरीचं पातं तिथे थोडं आत जातं. असे तुकडे काढता येतात. कोरलेली नक्षी मात्र पटाशीने सपाट करायला जाऊ नका.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. सेट १९९३ चा न निघता आजी-पणजीच्या काळातला निघाला, तर यातलं काहीही करू नका. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवीचं जे भरगच्च कोरीव फर्निचर बनायचं, ज्याला बॉम्बे ब्लॅकवूड म्हणतात, किंवा गोव्यातल्या जुन्या घरांतले शिसवीचे पलंग, त्यांच्यावरचं जुनं पॉलिश हाच त्यांच्या मोलाचा भाग असतो. गुजरातेतल्या संखेड्याच्या लाखेच्या रंगीत फर्निचरचंही तेच. तो सगळा रंग आणि नक्षी वरच्या लाखेच्या थरातच असते, पॉलिश पेपर लावला की कारागिरी गेली. अशी वस्तू ओळखीच्या जाणकाराला दाखवा. खोलीत मावत नसेल तर ज्याच्या घरात मावेल त्याला द्या.

आता लाकडातल्या किडीबद्दल. फर्निचरखाली पांढुरकी, मऊ पीठी पडत असेल तर भुंगा अजून जिवंत आहे. आधी लाकडासाठीचं कीडनाशक इंजेक्शनच्या सिरिंजने प्रत्येक भोकात सोडा, मेणाने भोक बंद करा, दोन-तीन आठवडे थांबा आणि नवीन पीठी पडत नाही ना ते बघा. सागाच्या गाभ्याच्या लाकडाला हा त्रास सहसा होत नाही, आतल्या स्वस्त पट्ट्यांना होतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते साफसफाईकडे, आणि रंग किंवा पॉलिश सुटून येण्याचं मोठं कारण तेच असतं. हेडबोर्डवर खिडकीचा उजेड तिरका पडेल असं उभं राहून बघा. टेकून बसल्यावर डोकं जिथे लागतं तिथे दोन काळसर गोल दिसतील. ते खोबरेल तेल. तीस वर्षांचं तेल पॉलिशच्या बारीक तड्यांमधून आत मुरलेलं असतं. त्यावर कितीही महागडा रंग लावा, तो आकसून फिश-आयसारखे गोल खड्डे पडतात किंवा काही महिन्यांनी पापुद्रा निघतो. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे थोडे थेंब टाका, कपडा घट्ट पिळून पुसा आणि लगेच कोरड्या कपड्याने पुसून घ्या. नक्षीत जुना टूथब्रश वापरा. वाळल्यावर टर्पेंटाइन पांढऱ्या सुती कपड्यावर घेऊन परत पुसा. कपडा पिवळा येतोय तोपर्यंत कपडा बदलत राहा. ज्यांनी वर्षानुवर्षं स्प्रेचं फर्निचर पॉलिश मारलंय, त्यांनी तर ही पायरी दोनदा करावी, कारण त्यातल्या बऱ्याच स्प्रेंमध्ये सिलिकॉन असतं आणि ते रंगाचं वैरी आहे.

मग वरचं पॉलिश कोणतं आहे ते बघा. बेडच्या आतल्या, न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावा आणि मिनिटभर थांबा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. नाही झालं तर एनसी थिनर, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ करायचं थिनर, लावून बघा. विरघळलं तर लॅकर. दोन्हींनी काही झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे वाळल्यावर कडक होणारी आधुनिक पॉलिशं. तुमचा सेट नव्वदीतला आणि काचेसारखा चमकतोय, म्हणजे मेलामाइन असण्याची शक्यता जास्त.

मेलामाइन असेल तर ती चांगली बातमी समजा. ते पूर्ण काढायची गरज नाही. ३२० नंबरच्या पेपरने रेषांच्या दिशेने हलकं घासून फक्त चमक मारायची. हात फिरवल्यावर सगळीकडे सारखा मंद, दुधट पोत आला पाहिजे. कुठे चमकदार ठिपका राहिला तर तिथे पुढचा थर धरणार नाही. नक्षीत पेपर जात नाही, तिथे स्कॉचब्राइटसारखं पॅड बोटाने दाबून फिरवा. धूळ पुसा आणि पाण्यात मिसळणाऱ्या मॅट पीयूचे दोन पातळ थर ब्रशने द्या. एवढ्याने सेटचं वय दहा-पंधरा वर्षांनी उतरतं. रंग तोच असतो, पण ट्यूबलाइटचा झोत परावर्तित होणं थांबतं आणि नक्षी ओरडायची थांबते. मी तुमच्या जागी असतो तर आधी एका साइड टेबलावर एवढंच केलं असतं आणि आठवडाभर ते नुसतं बघितलं असतं.

चमक मारायला स्टील वूल वापरायला सांगणारे बरेच आहेत. सागवानावर ते कोरडं वापरलं तर चालतं, पण त्याचे कण नक्षीत अडकून राहिले आणि नंतर पाणी लागलं तर लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून काळेनिळे डाग पडतात. असे डाग आधीच असतील, उदाहरणार्थ ड्रेसिंग टेबलावर कुठल्या डब्याच्या बुडाचा काळा गोल उमटला असेल, तर त्यावर ऑक्झॅलिक ॲसिड चालतं. लिटरभर कोमट पाण्यात ५० ते ६० ग्रॅम, डागावर ब्रशने लावायचं, डाग उतरला की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने पुसायचं. हे उघड्या लाकडावरच करायचं, पॉलिशवरून नाही. ॲसिड विषारी आहे. हातमोजे घाला, वाळलेली पूड घासून उडवू नका, आणि डबी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

मुकुट हा बहुतेक वेळा हेडबोर्डचा वेगळा भाग असतो, मागून स्क्रू किंवा खालून लाकडी खुंट्यांवर बसवलेला. बेड भिंतीपासून ओढा आणि मागे बॅटरी मारा. स्क्रू लांबीखाली, म्हणजे भोकं बुजवायच्या लगद्याखाली, लपलेले असू शकतात. स्क्रू काढूनही हलत नसेल तर जोडावर हेअर ड्रायर काही मिनिटं धरा, फेविकॉल गरम झालं की मऊ पडतं. मग पातळ पातं सरकवत, लाकडाच्या गुटक्यावर हातोडीने हलके ठोके देत सोडवा. डोक्यावरची लाकडी बोंडंही अशीच असतात, बरीचशी पिळून निघतात. वरच्या कडेची भोकं भरा आणि त्यावर सागाची अर्धा इंच जाड पट्टी लावून रेघ सरळ करा. मुकुट फेकू नका. स्क्रू प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यालाच बांधा आणि जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवा. माहेरची वस्तू आहे, उद्या मुलीला ती तशीच हवीशी वाटू शकते.

नक्षी थेट फळीत कोरलेली असेल आणि तरी नको असेल, तर झाका. १२ मिलिमीटरचा प्लाय हेडबोर्डच्या आकाराचा कापून घ्या, त्यावर दीड इंची ३२ डेन्सिटीचा फोम आणि वर जाड सुती कापड, मागे गन टॅकरने (पिना ठोकायच्या हातयंत्राने) पिना मारा. सोफ्याचं कापड साधारण ५४ इंच पन्ह्याचं येतं आणि हेडबोर्ड ७२ इंच रुंद असतो, त्यामुळे कापड आडवं लावा, म्हणजे मध्ये जोड येणार नाही. दोन्हीकडे चार-चार इंच वळवायला धरून सव्वादोन मीटर घेतलं की पुरतं. हे पॅनल दोन बाजूच्या खांबांना मागून पट्ट्या मारून टांगा, नक्षीत एकही स्क्रू नको.

मुठींचं काम सोपं वाटतं आणि तिथेच लोक अडकतात. जुन्या मुठींच्या दोन भोकांमधलं अंतर बहुतेक ३ किंवा ४ इंच असतं, म्हणजे ७६ किंवा १०२ मिलिमीटर. आज दुकानात मिळणाऱ्या मुठी ९६, १२८, १६० मिलिमीटरच्या असतात. ४ इंच आणि ९६ मध्ये फरक फक्त ६ मिलिमीटरचा, त्यामुळे नवं भोक जुन्या भोकाला खेटून येतं आणि ड्रिल घसरून जुन्यातच शिरतं. म्हणून आधी जुनी भोकं पूर्ण बंद करा. बांबूच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून घट्ट ठोका, एक रात्र वाळू द्या, ब्लेडने सपाट कापा आणि मग गुण्या लावून नवी खूण करा. पुठ्ठ्याचा एक साचा बनवून त्यावरूनच सगळ्या ड्रॉवरांना भोकं मारा, नाहीतर एक मूठ हमखास तिरकी येते. हे नको असेल तर अशी लांब मूठ शोधा जिची मागची पट्टी दोन्ही जुनी भोकं झाकेल.

काढलेल्या मुठी भंगारात घालण्याआधी एकदा बघा. चुंबक चिकटलं तर लोखंडावर मुलामा. नाही चिकटलं तर मागची बाजू कानशीने थोडी घासा. खालून पांढरट धातू दिसला तर जस्ताची ओतीव मूठ, पिवळा दिसला तर पितळ. पितळेच्या असतील आणि आकार फार वेडावाकडा नसेल, तर त्याच ठेवा. वरचं जुनं लॅकर थिनरने काढा, पितांबरी किंवा चिंचेने घासा आणि कोरड्या करून लावा. मॅट लाकडावर खरं पितळ आजच्या कुठल्याही काळ्या पट्टीपेक्षा छान दिसतं, असं माझं ठाम मत आहे.

ड्रेसिंग टेबलाचा आरसा खाली उतरवा. कमानीची चौकट गेली की खाली उरतं ते ड्रॉवरचं ठेंगणं, उपयोगी कपाट. आरसा साध्या पट्टीच्या चौकटीत घालून भिंतीवर टांगा. वजनाचा अंदाज आधी घ्या: ५ मिलिमीटर काच एका चौरस मीटरला साडेबारा किलो भरते, म्हणजे ४ बाय २ फुटांचा आरसा चौकटीशिवायच नऊ किलोंच्या वर जातो. भिंत विटांची असेल तर साधे रावळ प्लग चालतील. नव्या इमारतींत बऱ्याचदा हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या एएसी ब्लॉकच्या भिंती असतात, तिथे त्यासाठीचेच वेगळे प्लग घ्या. उतरवताना दोन माणसं हवीत, आणि काचेवर आधी आडव्या-उभ्या चिकटपट्ट्या लावा.

एवढं करूनही खोली जड वाटत असेल तर रंग. माझा सल्ला: बेड लाकडी रंगातच राहू द्या आणि कपाट रंगवा. खोलीतला सगळ्यात मोठा गडद पृष्ठभाग तोच आहे, तो बहुधा प्लायचा आहे आणि सपाट असल्यामुळे हाताने रंगवायला सोपा आहे. पांढराशुभ्र घेऊ नका. पांढऱ्या भिंतीपुढे तो मळका दिसतो आणि नक्षीच्या खाचांत धूळ बसली की प्रत्येक रेघ काळी उठून दिसते. राखाडी झाक असलेला हिरवा, ओल्या मातीचा फिकट रंग किंवा भिंतीपेक्षा एकच छटा गडद असा रंग घ्या.

सागवानावर थेट पाण्याचा रंग मारला तर काही दिवसांत पिवळे-तपकिरी ओघळ वर येतात. लाकडातली रंगद्रव्यं पाण्याबरोबर वर येतात, तिसरा-चौथा थर देऊनही थांबत नाहीत. त्याला लाख अडवते. लिटरभर स्पिरिटमध्ये २०० ग्रॅम चपडा लाख (पातळ पापुद्र्यांच्या रूपात मिळणारी लाख) रात्रभर भिजवा आणि बरणी दोन-तीन दिवस न हलवता ठेवा. लाखेतलं मेण तळाशी बसेल. वरची निवळ तेवढी हलक्या हाताने ओतून घ्या, कारण मेण राहिलं तर पाण्याचा रंग धरत नाही. या निवळ लाखेचे दोन पातळ थर, वाळल्यावर २२० ने हलका हात, मग वॉटर-बेस प्रायमर, आणि त्यावर वॉटर-बेस इनॅमलचे दोन थर. सपाट भागावर चार इंची फोम रोलर, खाचांत अर्धवट कोरडा ब्रश. खाचेत रंग साचू दिला तर तो वाळायला दिवसेंदिवस घेतो आणि नक्षी बोथट होते. दारं काढून आडवी ठेवूनच रंगवा. कोणती बिजागरी कुठली ते मास्किंग टेपवर लिहून ठेवा.

नक्षीच्या उंचवट्यांवर सोनेरी किंवा पांढरा हात मारून जुनाट परिणाम आणायची पद्धत सध्या सगळीकडे दिसते. तुम्हाला नक्षी मागे सारायची आहे, आणि त्या हाताने ती पुढे येते. सपाट भाग आणि नक्षी एकाच रंगात गेले की नक्षी फक्त सावलीपुरती उरते. तुम्हाला हवंय ते हेच.

आता हवा. जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणात लाख किंवा एनसी लॅकर लावू नका. वाळताना हवेतली ओल आत अडकते आणि थर पांढरट पडतो. पुण्याकडेही पावसाची झड लागलेली असताना थांबा. दिवाळीनंतर ते मेपर्यंतचा काळ उत्तम, पण थेट उन्हात नाही, गॅलरीच्या सावलीत. स्पिरिट आणि थिनर वापरताना खिडक्या उघड्या, देवापुढचा दिवा आणि गॅस बंद. घासताना एन-९५ मास्क लावा.

फर्निचरवर आधीच कुणी ऑइल पेंट मारलेला असेल तर जास्त जपा. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका. वॉटर पेपरने ओला घासा, खाली प्लास्टिक अंथरा, लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असतील तर ते काम घरात करूच नका.

पीयूऐवजी जवसाच्या तेलाचा हात देणार असाल तर तेलाचे बोळे चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ते तेल वाळताना गरम होतं आणि दडपलेला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. कपडे पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

रंगवलेलं कपाट दुसऱ्या दिवशी हाताला कोरडं लागेल, पण आतून पक्कं व्हायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर दारं घट्ट मिटून ठेवू नका, चौकटीला चिकटतात आणि उघडताना रंग सोलला जातो. दाराच्या कडेला मेणबत्ती घासलेली बरी. वर बॅगा रचायच्या असतील तर महिनाभराने रचा.